परीक्षा संपेपर्यंत

वनमाला : ...आणि ते साल दोन हजार सतरा. अंधेरीच्या तुझ्याच कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळायची.

जान्हवी : आजी, वायफाय सारखं तुटतं एवढंच म्हणाले मी. तू डायरेक्ट इतिहास काढलास.

वनमाला : तेव्हाही तुटायचं गो. घटकेघटकेला पुन्हा नाव टाका, पासवर्ड टाका. पोरं वैतागायची. मग आमच्याच एका विद्यार्थ्याने, प्रबुद्धने, एक सॉफ्टवेअर केलं. लॉगिन आपोआप व्हायचं.

जान्हवी : झकास! विकलं असेल ना?

वनमाला : फुकट वाटून टाकलं सगळ्यांना. आरे कॉलनीतला पोरगा, अबोल. एकच चूक झाली त्याची. चालतंय का बघायला स्वतःचं नाव-पासवर्ड घातलं होतं, ते काढायचं विसरला. ज्यांनी आपलं भरलं नाही, ते त्याच्या नावाने आत.

जान्हवी : कोण भरणार? मीपण नसतं भरलं.

वनमाला : नाहीच भरलं कोणी. मग कुणीतरी एका मॅडमना घाणेरडा मेल पाठवला. शोधलं, तर नाव निघालं प्रबुद्धचं.

जान्हवी : वाट लागली.

वनमाला : चौकशीला मलाही बोलावलं होतं. तो प्रिन्सिपॉल सरांना म्हणाला, माझ्या नावाने अर्धं कॉलेज आत आहे. सर म्हणाले, दाखव.

जान्हवी : सोपं आहे ना! पासवर्ड बदलायचा. सगळ्यांचं नेट बंद. झाला पुरावा.

वनमाला : त्यालाही तेच सुचलं. मोबाइल हातात घेतला, आणि थांबला. वरच्या मजल्यावर एका कंपनीची परीक्षा चालली होती, नोकरीची. पोरं आपापले लॅपटॉप घेऊन बसलेली. म्हणाला, "सर, परीक्षा संपेपर्यंत थांबा. आता बदलला तर त्यांचा पेपर जाईल."

जान्हवी : मग?

वनमाला : सरांना वाटलं, वेळ काढतोय. मी म्हटलं, थांबू या ना, सर. तर म्हणाले, "बाई, विचारल्यावर बोला." तिथल्या तिथे सही केली. वर्षभरासाठी काढून टाकलं त्याला.

जान्हवी : मूर्ख आहे का तो? सरळ बदलायचा ना!

वनमाला : वर सुयोग बसला होता. प्रबुद्धचा शाळेपासूनचा मित्र.

जान्हवी : आणि परीक्षा संपल्यावर?

वनमाला : बदलला. सगळ्यांचं नेट गेलं. सर म्हणाले, नेट रोजच जातं, पोरांनी येऊन सांगितलं तर बघू. पोरं खाली आली ती त्याच्यावरच ओरडत. त्याने झालेलं सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं, आणि गेली.

जान्हवी : सरांकडे?

वनमाला : घरी.

जान्हवी : सुयोगसुद्धा?

वनमाला : दुसऱ्याच्या नावाने नेट वापरलं असं कबूल केलं, तर मिळणारी नोकरी जाईल, ही भीती. सगळ्यांनाच.

जान्हवी : आता कुठे आहेत हे लोक?

वनमाला : सुयोग बंगलोरला, मोठा साहेब झालाय. सर बोरिवलीला राहायचे, गेल्या साली वारले. मेल कोणी पाठवला ते कळलंच नाही. मी पुढच्या वर्षी रिटायर झाले. प्रबुद्ध काही कॉलेजात परत आला नाही. मुलुंडच्या एका हॉस्पिटलात कॉम्प्युटर बघतो. लग्न झालं, एक मुलगी आहे.

जान्हवी : पस्तावत असेल ना, थांबलो म्हणून?

वनमाला : मी विचारलं एकदा. म्हणाला, "थांबलो ते बरोबरच होतं, मावशी. पण त्या संध्याकाळी मी सरांच्या केबिनबाहेर बसून होतो. वाटलं, एक तरी येईल."