मेल्यावर घोरू नये

हॅलो?… हो, मीच. बोल ताई… नाही, झोपलो नव्हतो. रंगपटात आहे, विग विंचरतोय… माझ्या डोक्यावर विंचरण्यासारखं काय उरलंय, म्हणून विग. प्रयोगाला वेळ आहे अजून. बोल.

…कोणी सांगितलं तुला?… नाटकातल्या माझ्या मुलीने? तिच्याकडे तुझा नंबर कसा?… तूच दिलास. "जरा लक्ष ठेव याच्यावर" म्हणून. वा. म्हणजे सख्ख्या बहिणीने पेरलेल्या हेराच्या समोर मी रोज मरतोय.

…अगं ऐक ना. फार काही झालं नाही. झोप लागली… स्टेजवर, हो… तिसऱ्या अंकात… मेल्यावर गं. जिवंत असताना कसा झोपेन, संवाद असतात.

…हो, घोरलो. जरासा… शेवटच्या रांगेपर्यंत गेला म्हणे. चाळीस वर्षं लोक सांगतायत, तुमचा आवाज मागे पोचत नाही. काल पोचला.

…हसले ना. का नाही हसणार? वकील मृत्युपत्र वाचतोय, सगळं घर चेहरे पाडून बसलंय, आणि प्रेत घोरतंय. तो वकिलाचं काम करणारा वस्ताद आहे. कागदावरून मान वर न करता म्हणाला, "मृताची हरकत नोंदवून घेतो." टाळ्या त्याने घेतल्या. मेलो मी.

…काय थांबला होता?… श्वास. ती म्हणाली असं?… अगं, माझ्या छातीवर डोकं ठेवून रडायचं असतं तिला, म्हणून तिला वाटलं असेल… छाती हललीच नाही?… बराच वेळ?… मग?… चिमटा काढला. तरीच. दंड काळानिळा झालाय, मला वाटलं पलंगाची कड लागली… आणि त्यानंतर मी घोरलो. म्हणजे ज्याला सगळे हसले, तो माझा परत आलेला श्वास होता… हं.

…हो, रडली ती. दिग्दर्शक तर खूश होता, म्हणाला, आज पहिल्यांदा हिचं रडणं पटलं… नाही गं, खरं होतं हे मला आत्ता तुझ्याकडून कळतंय. प्रेताला कोण सांगतं?

…डॉक्टरांकडे जातोय की. रात्रभर अंगाला वायरी चिकटवून झोपवलं नव्हतं का?… तेच ते. झोपेत गळ्याची वाट मिटते, श्वास अडतो, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू दचकून उठवतो. माझा मेंदू म्हणजे आमचा प्रॉम्प्टर. नट वाक्य विसरला, की हा विंगेतून ओरडतो, "श्वास, श्वास." नट एक श्वास घेतो, की पुन्हा विसरतो. रात्रभर हेच… हो, आणि दर वेळी हृदयाची पळापळ. रक्तदाब चढतो तो त्यामुळेच… दोन नाही, तीन गोळ्या. तिसरी परवा वाढवली… ठोकाही मध्येच चुकतो म्हणाले. तालाचं माझं पहिल्यापासून कच्चं, गाण्याच्या नाटकातून त्यासाठीच काढलं होतं मला… बरं. नाही करत थट्टा.

…यंत्र? झोपेत नाकातून हवा सोडून गळा उघडा ठेवणारं? आहे ना… वापरतो की. रोज… म्हणजे प्रयोग असेल त्या दिवशी रोज… ताई, तू वकिलासारखं विचारू नकोस. एक वकील पुरे आहे इथे.

…सांगतो, सांगतो. पहिल्या अंकात मी आजारी असतो. दवाखान्याचा पलंग, शेजारी एखादं यंत्र हवं होतं. आमच्या सामानवाल्याने मिक्सर आणला, नळी जोडून… मिक्सर, हो. चटणी वाटायचा. मग मीच म्हटलं, अरे, माझ्याकडे खरं आहे… तेव्हापासून ते इथेच… लावतो ना, स्टेजवर. नाकावर मास्क, डोक्यामागून पट्टा, सगळं व्यवस्थित… चालू कसं करणार? चालू असताना तोंड उघडलं, की नाकातून शिरलेली हवा तोंडावाटे पळते. त्या प्रसंगात माझं एवढं मोठं भाषण आहे… हो. बंद. इथे एकदाही चालू केलं नाही.

…डॉक्टरांना खोटं नाही बोललो. त्यांनी विचारलं, "लावता ना?" म्हटलं, "लावतो." "काही त्रास?" "अजिबात नाही." म्हणाले, "लोकांना फार जड जातं हो सुरुवातीला." म्हटलं, "मला तर टाळ्या पडतात." त्यांनी चष्म्यावरून बघितलं, आणि गोळी वाढवली.

…हो. हो ना. त्यांना वाटतंय, यंत्र लावूनही रक्तदाब उतरत नाही… बरोबर आहे तुझं. बंद यंत्रासाठी चालू माणूस गोळ्या खातोय… म्हण. मूर्ख म्हण… म्हणालीस? मला वाटलं अजून यायचंय.

…घरी पुन्हा का नाही लावलं? खरं सांगू? पहिल्या रात्री लावून आरशात पाहिलं. हयातभर राजांची कामं केली, आणि आरशात सोंड. सकाळी गालावर पट्ट्याचे वळ. मेकअपवाला म्हणाला, "काका, हे भरायला भिंतीची पुट्टी लागेल"… जीव मोठा की गाल? हा प्रश्न नटाला विचारू नये गं.



…बाबांचं कशाला आता… आठवतं की. एका पांघरुणात आपण दोघं, भिंतीपलीकडे बाबा. घोरणं थांबलं की पुन्हा कधी सुरू होतं, यावर आपली पैज. तू अंदाज घेऊन म्हणायचीस, "आता." आणि बरोब्बर यायचं. माझी सगळी खोडरबरं जिंकलीस तू. अख्खी चौथी मी थुंकी लावून खोडलं… हो… हो, तेही आठवतं. तू म्हणालीस, "आता"… मग परत म्हणालीस… मी म्हटलं, हरलीस, आण माझं खोडरबर… मला काय कळत होतं, ताई.

…

…म्हणून भाऊजी न घोरणारे शोधलेस? लग्नाआधी विचारलं होतंस त्यांना? आम्हाला वाटलं स्वभाव बघितलास.

…माझ्या मुलाएवढे होते बाबा, गेले तेव्हा. आत्ता लक्षात आलं बघ… तोही घोरतो? तुला कोण म्हणालं?… सूनबाई. तुझं हेरखातं फारच पसरलंय… हो, सांगतो त्याला. त्याला तपासून घ्यायला लावतो. बापाचं ऐकत नाही तो, पण बापाची फजिती आवडीने ऐकेल.

…यंत्र कुठे असणार, समोरच आहे, विगांच्या रांगेत… आत्ता?… अगं, आत्ता कसं… बाक आहे आडवं व्हायला, हो… प्लग आहे, पण त्यात इस्त्री आहे… बरं. बरं बाई. थांब.

ए, ती इस्त्री काढ रे जरा… तुला नाही, कपडेवाल्याला… वकिलाचा कोट राहिलाय म्हणतोय. राहू दे म्हटलं. चुरगळलेला वकील खरा वाटतो.

…हां. बोल… उद्या जातो ना डॉक्टरांकडे. खरं सांगतो, सगळं… मिक्सरसकट, हो. आणि हे आज रात्री माझ्याबरोबर घरी. स्टेजवर परत मिक्सर. त्यालाही थोडं नाव मिळू दे… आणि मेल्यावर काय? मेल्यावर जागा राहीन. आतापर्यंत केलेलं सगळ्यात अवघड काम असेल ते.

…लावतोय, लावतोय. पट्टा बसत नाही… विग अडकतोय. काढला… हं, बसला. सोंड आली. कपडेवाला तोंड फिरवून उभा आहे, त्याचे खांदे हलतायत… बटण कुठलं, अंधारात नेहमी बंदच… हां. ऐकू येतंय?… ही हवा. बोललो की अशी… फुर्र… बघ, तोंडातून… हसू नकोस, मला पण… फुर्र… म्हणजे बोलायचंच नाही. तुझ्या भावजयीला कळवू नकोस, म्हणेल, लग्नातच का नाही दिलं कोणी.

…झोप लागली तर उठवेल कपडेवाला. सांगितलंय… नको, फोन ठेवू नकोस. कानाशी ठेवतो. तू ऐक.

…आणि ताई… म्हण ना तू. मनाला वाटेल तेव्हा… "आता" म्हण. माझं एक खोडरबर पैजेला लागलं… दर वेळी तू जिंकशील.

तोंड मिटतो.