पहिल्या तुकड्यावर जोर

...आणि वर म्हणतात, घाबरायचं नाही! अहो, घाबरायचं नाही तर काय करायचं? आयसेल नदी बांधाला काठोकाठ भिडलेली, बांधाच्या पोटाशी माझं घर, घरात बायको हेन्ड्रिकिये, ती म्हणते, "शेळ्या सोडून मी हलायची नाही," आणि बांधावर पहाऱ्याला कोण? तर मी, लुबर्ट. अख्ख्या गावात पाण्याला भिणारा एकच माणूस, तोच नेमका सापडला यांना.

तुम्हाला सांगतो, पहाऱ्याच्या मुख्य वोल्टरिंकबाई. पहिलीत मला यांनीच शिकवलेलं, लांबलचक शब्द आला की तोडायचा, तुकड्यागणिक टाळी, पहिल्या तुकड्यावर जोर, बाकीचे निमूट मागून. निवृत्त झाल्या, पण खोड जाते का? "लुबर्ट, भीतीनं माणूस शब्द गिळतो. वॉकीटॉकीवर बोलताना मनात टाळ्या वाजव. क्वेल-वा-टर-मेल-डिंग. बांधाखालून पाणी झिरपल्याची खबर. कळलं?" कळलं बाई. पण पाणी काय टाळीसाठी थांबतं?

दुपारी बघतो तर आमच्याच गोठ्यामागं, बांधाच्या पायथ्याशी पाणी बुडबुडतंय... आणि पाण्याबरोबर वाळू! वाळू म्हणजे पाणी बांध आतून पोखरतंय हो. वॉकीटॉकी तोंडाशी धरला, "क्वे... क्वे..." बदकासारखा. पलीकडून बाई, "तोड, लुबर्ट, तोड. पहिल्यावर जोर." आणि मी, पहिलीतला गुणी मुलगा, वाजवली की टाळी... दोन्ही हातांनी! वॉकीटॉकी डबक्यात, डुबुक. पाणी काय टाळीसाठी थांबतं?

मूठभर वाळू उचलली नि धावत सुटलो, एक बूट चिखलातच राहिला, चौकीत शिरलो, तोंडातून शब्द फुटेना, म्हणून वाळूच ओतली बाईंच्या टेबलावर. बाई पांढऱ्याफटक. त्यांनी बांधाच्या कचेरीला फोन लावला आणि... "क्वे... क्वे..." बाईंचीसुद्धा दातखीळ बसली हो! म्हटलं, "बाई, तोडा." फोन मी काढून घेतला, त्यांच्या तोंडाशी धरला, आणि मोकळ्या हातांनी बाईंनी अशा टाळ्या हाणल्या म्हणून सांगू, क्वेल-वा-टर-मेल-डिंग, खणखणीत.

वाळूच्या गोण्या आल्या, बांध वाचला, शेळ्या वाचल्या, हेन्ड्रिकिये वाचली. ती म्हणते, "बघ, उगाच घाबरत होतास." आता प्रत्येक पुराला पहारा जोडीनं. बाईंनी टाळ्या वाजवायच्या, मी फोन धरायचा. भीती वाटून घेतली की निम्मी होते म्हणतात ना? साफ खोटं. आता दोघांनाही पुरी पुरी वाटते.