ट्रॅक्टरवरची तोंडी परीक्षा

चहा निवू द्या, आधी हे ऐका. मी माढ्याला भावाकडे गेले होते. त्याच्या लेकीची, सुमनची, एम.ए.ची तोंडी परीक्षा मोबाईलवर होती. विषय होता 'ऑनलाइन शिक्षण आणि पर्यावरण'. नेमकी वीज गेली आणि मोबाईलची बॅटरीही संपत आली. भावाने अंगणात ट्रॅक्टर सुरू करून सुमनला वर बसवले, मोबाईल तिथेच चार्जिंगला लावला. धूर दिसू नये म्हणून मी तिच्यामागे सोलापुरी चादर धरून उभी राहिले.

परीक्षकांनी विचारले, "आज सोलापूरला न आल्याने तुमचे किती इंधन वाचले?"

सुमनच्या आधी भाऊच ओरडला, "सर, ट्रॅक्टरची निम्मी टाकी संपली की! बिगीबिगी इचारा, न्हायतर पोरगी नापास व्हईल!"

परीक्षक घाईघाईने म्हणाले, "पास केले तिला! आधी तो ट्रॅक्टर बंद करा."