पेटीतली बाळंतीण

जनावरांच्या दवाखान्यात समोरच्या बाकावर बहीणभाऊ बसले होते. भावाच्या मांडीवर काचेची पेटी होती आणि तिच्यात तळहाताएवढी, वाळवंटी विंचवाची मादी.

"ताई, पेटी साफ करायला तुला सांगितलं कुणी?"

"घाण झाली होती. कोपऱ्यात भगदाड पडलं होतं."

"ते तिचं बीळ होतं! वरची वाळू तापते म्हणून ती खाली गारव्याला बसते. ते बुजवलं, वर पाणी शिंपडलं!"

"तहान लागली असेल."

"वाळवंटातली आहे ती! किडा खाल्ला की त्यातलाच ओलावा तिला पुरतो. दमट वाळूत मरते ती. आणि पाठीवरची पिल्लं?"

"सकाळी दिसली नाहीत."

"खाल्ली तिने."

"पोटची पिल्लं?"

"बाळंतपणात जागेवरून हलवलं की बिथरते. एवढंही कळत नाही?"

"ओरडू नकोस. लोक बघताहेत."

"बघू देत!"

"मग ऐकूही देत. हिला ऊब हवी म्हणून तू आईच्या खोलीत दिवा लावलास आणि आईची खाट जिन्याखाली टाकलीस. रात्रभर खोकते ती."

"तो विषय वेगळा आहे."

"वेगळा कसा? पेटीला मी हातही लावलेला नाही. रात्री जिन्याखालून उठून आईनेच ती साफ केली, पाणी शिंपडलं. मला म्हणाली, पोराला सांगू नकोस, पण बाळंतीण आहे गं, कोरड्यात कशी ठेवायची?"