छोटी गाडी बंद झालीय, सर

…बंद झाली म्हणजे काय? नाही, तुम्हीच सांगा, बंद झाली म्हणजे काय? दुकान बंद होतं, घड्याळ बंद पडतं, आमचं शेजाऱ्यांशी बोलणं बंद आहे, हे सगळं मी समजू शकतो. पण जी गाडी काल-परवापर्यंत रस्त्यावर मुंग्यांसारखी दिसत होती ती एकाएकी बंद? आणि हे मला सांगतंय कोण, तर शोरूममधला तो टायवाला. आवाज असा खाली घेऊन, "सर, छोटी गाडी बंद झालीय," की मला वाटलं आता हा मला खांद्याला धरून बसवतो आणि पाणी देतो.

तुम्हाला सांगतो, मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. बावीस वर्षं. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, आणि दारात आमची छोटी गाडी. लाल. म्हणजे घेतली तेव्हा लाल, आता उन्हाने गुलाबीकडे झुकलेली. बायको तिला 'तुमची धाकटी' म्हणते, आणि हे ती कौतुकाने म्हणते असं कृपा करून समजू नका. तर शिकवायची गाडी पंधरा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही असा नियम आहे, आणि धाकटीला पंधरा पुरी व्हायला उरले चार महिने. म्हणून गेलो शोरूममध्ये. म्हटलं हिच्यासारखीच एक द्या, विषय संपला. विषय कसला संपतोय…

"मग आहे काय तुमच्याकडे?"

"सर, एसयूव्ही."

"आणखी?"

"सर, मोठी एसयूव्ही."

"आणखी?"

"सर, मोठीपेक्षा जरा लहान एसयूव्ही."

घ्या! हॉटेलात जावं आणि वेटरने सांगावं, आमच्याकडे भात आहे, परतलेला भात आहे आणि भाताशिवाय नुसता भात आहे, तशातली गत. बरं, दाखव म्हटलं. दाखवली. मी पाच फूट पाच इंच, मला त्या गाडीचं बॉनेट छातीला लागलं. छातीला! मी गाडीसमोर उभा होतो की कोर्टातल्या कठड्यात, मलाच कळेना. म्हटलं, अरे बाबा, माणूस तेवढाच आहे हो. माझे आजोबा पाच फूट पाच, बाबा पाच फूट पाच, मी पाच फूट पाच. तीन पिढ्यांत आम्ही एक इंच हललो नाही आणि तुझी गाडी पाच वर्षांत कमरेवरून छातीवर आली, ती कुणासाठी?

"सर, वर बसल्यावर एकदम राजासारखं वाटतं."

आता राजा दर दोनशे पावलांवर सिग्नलला थांबतो का? राजाला मागून कुणी हॉर्न मारतं का? पण टायवाल्याला राज्यच करायचं होतं, त्याने मला चढवलं, आणि एक गोल बटण दाखवलं. फिरवलं की चिखल. आणखी फिरवलं की वाळू. आणखी फिरवलं की बर्फ. मी म्हटलं, यात 'शाळा सुटलीय आणि पुढे दूधवाल्याने टेम्पो आडवा लावलाय' असं काही आहे का? तो हसला. म्हटलं हसू नकोस, मला रोज सकाळी तेच लागतं.

मग मी काय केलं, तर सरळ फरशीवर पालथा झालो. हो, शोरूममध्येच, चकचकीत फरशीवर. अहो, मला गाड्यांचं वेड आहे, लोक लग्नाला स्थळ बघताना घराणं बघतात तसा मी गाडी खालून बघतो. आणि बघतो तर काय… तीच! इंजिन धाकटीचं, सांगाडा धाकटीचा, तो पाइप वाकवून घातलाय ना, ते वळणसुद्धा धाकटीचं. फक्त चार बोटं उंच केलीय, कडेने काळं प्लास्टिक चिकटवलंय आणि टपावर दोन दांड्या. या दांड्यांवर किती वजन ठेवायचं, विचारलं. "सर, त्यांवर काही ठेवायचं नसतं, त्या लुकसाठी आहेत." म्हणजे आमच्याच पोरीला उंच टाचा चढवायच्या, खांदे भरलेला कोट घालायचा, आणि आमच्याच दारात पाहुणी म्हणून आणून उभी करायची. वर किंमत अशी सांगायची की आपणच ओशाळावं.

"सर, लोकांनाच छोटी गाडी नको झालीय." म्हटलं, मी मागतोय ना, मग मी लोक नाही? मी कोण, खांब? बरं, लोकांना विचारलं तर ते म्हणतात, आम्हाला छोटीच हवी होती, मिळाली नाही म्हणून ही घेतली. कंपनी म्हणते लोक मागत नाहीत, लोक म्हणतात कंपनी देत नाही, आणि मधल्या मधे हे धूड रोज चार बोटं वाढतंय.

माझा मेहुणाच घ्या. त्याने सगळ्यात मोठी घेतली. "भावोजी, रस्त्यावर वट पाहिजे, वट." वट कसली, तर एकटा माणूस दोन टन लोखंड घेऊन कोपऱ्यावर पाव आणायला जातो. मागे सासूबाईंना दवाखान्यात भेटायला गेलो होतो, तिथल्या तळघरात याने गाडी लावली, दोन्ही बाजूंना गाड्या, दोन्ही दारं वीतभरसुद्धा उघडेनात. मी धाकटी लावून, वर जाऊन, सासूबाईंचा रक्तदाब विचारून, त्यांच्याकडून दोन टोमणे खाऊन परत आलो, तरी हा आतच. शेवटी सगळी वट गुंडाळून डिकीतून बाहेर आला, आधी बूट, मग पोट. माणूस तेवढाच आहे हो! आणि त्यालाही बाहेर पडता येईना.

असो. म्हटलं चार महिने आहेत, बघू. आणि इथे गणिताच्या बाई येतात.

बाई म्हणजे शाळेत गणित शिकवतात, वय बावन्न, उंची चार फूट दहा. नवऱ्याचं म्हणणं, "तुला काही जमायचं नाही." पंचवीस वर्षं ऐकलं, आणि एक दिवस येऊन माझ्या खुर्चीत बसल्या, "सर, मला शिकायचंय आणि यांना सांगायचं नाही." माझी पद्धत अशी, की पहिल्या दिवशी इंजिन बंद. नुसतं बसायचं आणि काय दिसतंय ते मला सांगायचं. बाई म्हणाल्या, "बॉनेटचं टोक दिसतंय. त्यापुढे दोन हात जागा. मग कुत्रं झोपलंय, त्याचं शेपूट रस्त्यावर आहे." मी म्हटलं बाई, तुम्ही पास. ज्याला शेपूट दिसतं त्याला गाडी येते, बाकी सगळं पायांचं काम आहे.

तीन महिने लागले. पण परीक्षेच्या दिवशी त्या दोन खांबांमधून रिव्हर्स घ्यायचा असतो ना, जिथे चांगले चांगले घाम पुसतात, तिथे बाईंनी धाकटी अशी आत घातली, जसा सुईत दोरा. खुर्चीत पेंगणारे परीक्षक साहेब उठून उभे राहिले. मला म्हणाले, "मास्तर, ही कोण?" मी म्हटलं, माझी विद्यार्थिनी. इतक्या वर्षांत एवढ्या जोरात मी काही म्हटलं नव्हतं.

आता यात गोड शेवट व्हायला काय हरकत होती? पण नाही. 'जमायचं नाही' म्हणणाऱ्या नवऱ्याला अभिमानाचं भरतं आलं आणि त्याने बायकोला बक्षीस दिलं. काय दिलं असेल? बरोबर. "तुझ्या सेफ्टीसाठी गं."

बाई ती घेऊन मला दाखवायला आल्या. गुरूला दाखवायला, मोठ्या मनाने. दार उघडलं, आधी पर्स उतरली, मग उशी पडली, मग लोंबकळत बाई आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या, नवऱ्याचं कौतुक केलं, आणि निघाल्या. धाकटी त्यांच्या मागे उभी. आता तुम्ही म्हणाल, मी ओरडलो का नाही? अहो, मी परीक्षा घेत होतो! दारात उभा राहून बघत होतो, डावा आरसा बघितला, शाबास; उजवा बघितला, शाबास; मधला बघितला, मान वळवून मागे बघितलं, रिव्हर्स टाकला, क्लच हळूच सोडला… मी मनात दहापैकी दहा लिहितोय आणि कडाड्.

बाई खाली आल्या. "सर, मी सगळं बघितलं हो. ती दिसलीच नाही."

मी भडकलेला. म्हटलं दिसली नाही म्हणजे, लाल गाडी आहे, टाचणी आहे का? तसाच वर चढलो, त्यांच्या जागेवर बसलो, मान वळवून मागे बघितलं. मागच्या काचेत समोरच्या इमारतीचा दुसरा मजला दिसत होता. एक आजोबा दाढी करत होते. त्यांच्या खाली जग संपलं. धाकटी नाही, रस्ता नाही, काही नाही. म्हटलं बाई, जवळ काही आलं की ही गाडी वाजते ना? "ती सारखीच वाजते, सर. भिंत आली वाजते, मांजर आलं वाजते, काही नसलं तरी वाजते, म्हणून यांनी आवाज बंद करून दिला." आणि कॅमेरा? त्या एवढ्या मोठ्या पडद्यावर मागचं दिसतं ना? बाईंनी मान खाली घातली. "त्याच वेळी यांचा फोन आला. पडद्यावर यांचा फोटो आला."

त्यांच्या गाडीला ओरखडा नाही. माझ्या धाकटीचं बॉनेट मधोमध दुमडून वर आलेलं, आणि रेडिएटरचं पाणी पायरीपर्यंत. विम्याचा माणूस आला, त्याने दोन फोटो काढले, म्हणाला, "दुरुस्तीपेक्षा नवी घ्या." म्हटलं, कुठली? त्याने फोन खिशात टाकला. "हो, तेही खरंच." दुसऱ्या दिवशी तिला ट्रकवर चढवून नेलं. बायको, तीच ती, जिने जन्मभर टोमणे मारले, ती खिडकीत उभी राहून डोळे पुसत होती. मी? खोटं कशाला सांगू, मी टेबलामागे बसून हुंदके देऊन रडलो. बाईंना काय म्हणणार? त्यांनी मी शिकवलेलं सगळं, अगदी सगळं बरोबर केलं होतं.

जुनी छोटी शोधली. पण ज्यांच्याकडे आहे ते सोडत नाहीत, एकाने तर विषय काढताच आतून कडी लावली. आणि गाडी नाही तर शाळा नाही. तक्ता दाखवून किती दिवस शिकवणार? गेलो पुन्हा शोरूममध्ये. टायवाल्याने मला बघितलं आणि नुसती चावी पुढे केली. घरी आणली, बायकोला म्हटलं चढ. चढली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणते, "अहो, वरून छान दिसतं हो, शेजाऱ्यांनी गॅलरीत काय वाळत घातलंय तेसुद्धा दिसतं." फितूर! घरातच फितुरी, तर कंपन्यांना काय बोलायचं?

आणि मग व्हायचं तेच झालं. परीक्षेला पहिला विद्यार्थी गेला, डावा खांब पाडला. दुसरीने उजवा पाडला. तिसऱ्याने दोन्ही. बावीस वर्षांत माझ्या हातचं असं कधी झालं नव्हतं, मान खाली घालून परीक्षक साहेबांकडे गेलो, म्हटलं साहेब, मी कमी पडतोय, आणखी महिनाभर शिकवतो. साहेब म्हणाले, "छे छे मास्तर, तुमच्या एकट्याचं नाही, सगळ्यांचेच नापास होतायत. वरून आदेश आलाय." काय आदेश? तर खांब सरकवा. पुढच्या आठवड्यात खांब दोन्हीकडे दीड-दीड हात लांब. गाडी आवरायची नाही, माणसाला शिकवायचं नाही, खांब सरकवायचे! आता कुणीही पास होतं. माणूस तेवढाच आहे हो… पण त्याची परीक्षा घ्यायचं कारणच उरलं नाही.

परवा बाई आल्या. त्या दिवसापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. "सर, मला पुन्हा शिकवा. या असल्या गाडीवर. आता हीच आहे, तर हीच चालवायची." खाली दोन उशा, पाठीला एक. मी शेजारी बसलो. इंजिन बंद. मी काही विचारायच्या आधी त्यांनीच मान लांब केली, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, बराच वेळ बघितलं.

"सर," म्हणाल्या, "काहीच दिसत नाही."

मी पण वाकून बघितलं. खरंच काही दिसत नव्हतं. रस्त्यावर कुत्रं असेल, माणूस असेल, एखादी छोटी गाडी असेल. पंचाईत बघा, मास्तर म्हणून काहीतरी सांगणं भाग होतं.

"असू द्या," म्हटलं. "आपण सगळ्यांना दिसतोय ना? मग तेच सरकतील. चावी फिरवा, सोडा क्लच."