शिंकेच्या आधीचा फोटो

...आणि वर मला म्हणतो कसा, "ताई, हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय!" अहो, माझ्यासाठी चाललंय तर मला नको ठाऊक? माझ्या नावाने, माझ्या तोंडाचा फोटो लावून जगापुढे हात पसरलाय, आणि तो हात माझा आहे हे मला कधी कळलं? तीन महिन्यांनी! मला विचारलं का कुणी? नाही विचारलं.

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई उगाच करवादतेय. माझं दुकान म्हणजे एका जिन्याखालची खोली. एक मशीन, एक आरसा, एक इस्त्री. मी बसले की गिऱ्हाइकाने उभं राहायचं, गिऱ्हाईक बसलं की मी उभी. नवे कपडे मी शिवत नाही, लोकांचे जुनेच दुरुस्त करते. पँट आखूड करा, कंबर सैल करा, चेन बदला. शाळा चौथीपर्यंत झाली माझी, पण टेपवरचा इंच मला कुणी शिकवायचा नाही. आणि सव्वीस वर्षं नियम एकच, आधी टाचण्या लावायच्या, गिऱ्हाइकाला आरशापुढे उभं करायचं, त्याने तोंडाने "हो" म्हणायचं, मगच कात्री. नुसती मान हलवलेली चालत नाही मला. मान काय, लोक कशालाही हलवतात.

तर माझी भाची, बहिणीची धाकटी, एक दिवस म्हणाली, "मावशी, तू चेन बदलतेस ते फोनवर काढू का? लोकांना शिकायला होईल." तिने विचारलं बरं का! मी म्हटलं, काढ, पण हात काढ, तोंड नको. मग ती काढायची आणि मी बघणाऱ्याला बोलायची... "दोरा एवढा लांब कशाला घेतलास, पतंग उडवायचाय?... अरे सुई धर, साप धरल्यासारखी काय धरतोस?..." लोकांना ते आवडलं. शिव्या खायला आवडतात लोकांना, काय करणार! बघणारे वाढले. फुकट बघायचे, आणि फुकटच शिकवायचं होतं मला. बटण लावायला शिकवायचे कसले पैसे?

पण एकदा काय झालं, व्हिडिओ चालू असताना मला शिंक आली आणि भाचीचा फोन जरा वर गेला. शिंक यायच्या आधी माणसाचं तोंड कसं होतं? डोळे अर्धे मिटलेले, पाणी भरलेलं, ओठ वाकडा, नाक वर... जसं काही घर जळतंय समोर! अर्ध्या सेकंदाचं ते तोंड देणग्या गोळा करणाऱ्या कुठल्याशा मंडळींनी उचललं, नेटवर आपल्या पानावर लावलं, आणि खाली लिहिलं : "दृष्टी अंधुक झाली तरी सुई न सोडणारी माउली. हातभार लावा." माउली! मी! आमच्या ह्यांना नंतर वाचून दाखवलं तर चहा नाकातून आला त्यांच्या.

हसण्यावारी नेलंही असतं हो. पण कोपऱ्यावरच्या हॉटेलच्या वाढप्यांच्या पँटी दर वर्षी माझ्याकडे येतात. बत्तीस पँटी. दोन महिन्यांचं भाडं निघतं त्यात. यंदा आल्याच नाहीत. मी स्वतः गेले विचारायला, तर मॅनेजर माझ्याशी मोठ्याने बोलायला लागला, जसं डोळ्यांबरोबर कानही गेलेत. "बाई, तुम्ही आता आराम करा. आम्ही वाचलं सगळं. आम्हीपण दिलेत थोडे." म्हटलं, काय वाचलं? काय दिलं? कुणाला? तेव्हा त्याने ते पान दाखवलं. बघा म्हणजे, माझं काम काढून घेतलं, आणि त्याबद्दल भीक घातली, तीही माझ्यापर्यंत पोचली नाही! मला विचारलं का कुणी? नाही विचारलं.

भाचीने त्या मंडळींना फोन लावला. तिकडे एक मधात घोळलेला आवाज. "ताई, अभिनंदन! तुमच्यासाठी बरीच रक्कम जमली आहे."

"माझे डोळे ठणठणीत आहेत. ते पान काढा."

"ताई, लोकांचं प्रेम आहे हे."

"प्रेम आहे तर माझ्या दारात येऊ दे. तुमच्या खिशात काय करतंय?"

"खिशात नाही ताई, तुमच्या नावाने बाजूला ठेवलंय. फक्त व्यवस्थेपुरतं थोडं आम्ही..."

"आणि मी नाहीच घेतलं तर?"

"तर वर्षानंतर इतर गरजू कलाकारांना जाईल."

म्हणजे मी गरजू आहे हे आधीच ठरलं! पुढचे गरजूही ठरलेत, आणि त्या बिचाऱ्यांनाही ठाऊक नसणार! मी म्हटलं, "हे बघा, मी दुसऱ्याच्या पँटीला विचारल्याशिवाय कात्री लावत नाही. तुम्ही तर माझं नावच कापून नेलंत. पैसे ज्याचे त्याला परत करा, पान पुसा."

"करू की ताई! फक्त त्यासाठी आधी तुम्हाला नोंदणी करावी लागेल."

ऐकलंत? नको म्हणायलासुद्धा आधी त्यांच्यात सामील व्हायचं! बरं, केली नोंदणी. नाव घातलं, पत्ता घातला, जन्मतारीख घातली, ती बहिणीपुढे सांगावी लागली ते वेगळंच. शेवटी म्हणे, तुम्हीच त्या आहात हे सिद्ध करा, फोनकडे बघा. मी बघितलं. चांगलं शहाण्यासारखं बघितलं, केस नीट करून. फोन म्हणतो, चेहरा जुळत नाही. पुन्हा बघितलं. जुळत नाही! भाची म्हणाली, "मावशी, त्यांच्याकडे तुझा शिंकेचा फोटो आहे ना, त्याच्याशी ताडून बघतंय ते."

आता मला सांगा, शिंक काय मागून येते? मी तोंड वाकडं केलं, डोळे अर्धे मिटले, नाक वर केलं... बहीण म्हणाली, "हे तर तुझं नेहमीचं तोंड." तिला नंतर बघून घेतलं मी. शेवटी भाचीने दोऱ्याचं टोक माझ्या नाकात घातलं, मी फोनपुढे, आ... आ... आणि तेवढ्यात पॅ करून फोन वाजला. जुळला चेहरा! पन्नाशीला आलेली बाई, स्वतः स्वतःच आहे हे पटवायला नाकात दोरा घालून बसलेय! मला विचारलं का कुणी, की बाई, कुठला फोटो लावू?

पण काढलं हो पान. पैसेही परत गेले ज्याचे त्याला. मग भाचीने माझा एक व्हिडिओ काढला, चष्म्याविना, एका दमात सुईत दोरा ओवताना. तो मॅनेजरने पाहिला आणि बत्तीस पँटी आल्या. सोबत सॉरी नाही आलं, पण पँटी आल्या. मी म्हटलं, झालं, आता कुणी माझ्या वाटेला जायचं नाही.

चार दिवसांनी एक आजोबा आले. काठी, हातात जुना कोट. दारातच म्हणाले, "मी दिलेले पैसे परत आले. वाईट वाटलं. बायको गेल्यावर बटण कसं लावतात ते तुमचं बघून शिकलो मी. रोज तुमच्या शिव्या खातो. पण नको म्हणालात तर नको. मग म्हटलं काम घेऊन जावं, कामाचे तरी घ्याल. बाह्या जरा आखूड करा."

आता ह्यांच्यावर कशी चिडणार? मला काही न विचारता कुणी माझ्या डोळ्यांची गोष्ट सांगितली आणि त्यांनी खिशात हात घातला, त्यात त्यांचं काय चुकलं? टाचण्या लावल्या, आरशापुढे उभे राहिले, तोंडाने "हो" म्हणाले. सगळं नियमाने. म्हटलं, उद्या या.

पण रात्रभर... नाही, खोटं कशाला, दहा मिनिटंच वाटलं, की माणसासाठी काहीतरी करावं. बाह्या केल्या. आणि बघते तर मधलं एक बटण वाकडं, काळ्या कोटाला निळा दोरा, मागे एवढी गाठ, घोड्याच्या शेपटीची असावी तशी! मी ते काढलं, काळ्या दोऱ्याने सुबक लावलं, निळा दोरा टाकला कचऱ्यात. त्याचे पैसे नाही लावले. बटणाला कसल्या टाचण्या न् कसला आरसा?

आजोबा आले. कोट घातला. बाह्या पाहिल्या, खूश. मग बोटं खाली आली. मधल्या बटणावर थांबली.

"हे तुम्ही बदललंत?"

"हो, फुकट! फार वाकडं होतं हो."

"ते मी लावलं होतं. आयुष्यातलं पहिलं बटण माझं." आवाज चढवला नाही हो त्यांनी, चढवला असता तर बरं झालं असतं. "मला विचारलंत का?"

नाही विचारलं.

कचऱ्याची टोपली उपसली मी. निळा दोरा सापडला, पण तुकडे झालेले. माझ्याकडचं निळं रीळ काढून दिलं. माझं सुबक बटण मीच उसवलं. ते स्टुलावर बसले आणि लावायला लागले. पाऊण तास! सुई सापासारखी धरलेली, दोरा पतंगाएवढा, दोनदा बोटात गेली, बटण मघापेक्षाही वाकडं... माझी जीभ नुसती वळवळत होती. हात शिवशिवत होते. पण आता काय, शिकलेय ना! नीट विचारलं मी, "आजोबा, मदत करू का?"

"नको," म्हणाले.

राहिले मग मी उभी, हात बांधून. आणि बाहेर गिऱ्हाईक उभं!