आबांची कडी

खोटं वाटंल, पण आमच्या वडलांनी, आबांनी, एकदा पोपटाला हात जोडले.

कुंभारी गावातल्या आमच्या घरी माझ्या परदेशी पोपटांच्या जोडीसाठी त्यांनी बारीक जाळीची खोली उभी केली. दाराला मात्र शेळ्यांच्या गोठ्याची कडी लावली.

मी म्हटलं, "आबा, पुरंल का ही?"

"माज्या बोकडाला उघडली न्हाय, ह्या मूठभर पाखराला काय उघडती?"

त्यांचं बोलणं संपतंय तोवर नरानं दाराच्या फटीतून चोच बाहेर काढली, अलगद कडी उचलली, सरकवली आणि दार ढकललं. भिंतीवर मांजर टपलेलंच! आबांनी धावत जाऊन दार खांद्यानं दाबून धरलं. मग पोपटाकडं बघतच राहिले, हात जोडून.

मी म्हटलं, "कुलूप आणतो."

आबा माझ्या कानाशी आले. "आण की. पर किल्ली त्येच्या देखत फिरवू नगंस."